परड्याची सनद

भाकरी उरकून बसला असाल. फार वेळ घेणार नाही, पण ऐकता ऐकता एक काम करा. घराचा नमुना आठचा उतारा कुठं ठेवलाय तो हुडकून काढा. ट्रंकेत असेल, नाहीतर देवघरातल्या फोटोमागं.

आज बोलायचंय परड्याबद्दल. घराला लागून असलेली मोकळी जागा. तिथं आपण शेळ्या बांधतो, सरपण रचतो, कुरडया वाळत घालतो. एखादा शेवगा असतो, कढीपत्ता असतो. घरापेक्षा बाई जास्त तिथंच असते. आणि कागदावर बघायला गेलं तर ती जागा कुठंच नसते.

शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. आपल्याकडं असतो तो पंचायतीचा नमुना आठ, आणि ती करआकारणीची नोंद आहे. घरपट्टी कुणाच्या नावानं निघते एवढंच त्यातून कळतं. घर कुणाच्या मालकीचं, हे त्यानं ठरत नाही. त्यातही लिहिलेलं असतं ते पत्र्याखालचं घर. परड्याचा उल्लेख नसतो, असला तर अंदाजानं लिहिलेला.

२४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनं स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोननं गावठाणाचे फोटो घ्यायचे, नकाशा करायचा, चौकशी करून प्रत्येक मिळकतीची सनद आणि मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, द्यायचं. आपल्या राज्यात त्याच्या आधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात असं करून पाहिलं होतं. योजना चांगली आहे. पण ड्रोनला वरून भिंत दिसते, पत्रा दिसतो. परड्याची हद्द त्याला कशी दिसणार? म्हणून ड्रोन उडायच्या आधी हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. सगळा खेळ त्या रेघेवर आहे.

आमच्या गटातल्या एक काकू आहेत, नवरा वारून बरीच वर्षं झाली. रेघ मारायच्या दिवशी त्या खुरपायला गेल्या होत्या. दवंडी झाली होती, पण रोज बुडवून कोण थांबणार? धाकट्या दिरानं चुना मारला, आणि रेघ गेली काकूंच्या भिंतीला घासून. पूर्वेकडचं सगळं परडं त्याच्या बाजूला. संध्याकाळी काकूंनी विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला एकटीला एवढी जागा काय करायचीय?"

काकू माझ्याकडं आल्या तेव्हा रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. मी म्हटलं, रेघ मारली म्हणजे मालकी झाली नाही, अजून चौकशी व्हायचीय. चौकशीला भूमी अभिलेखचे अधिकारी येतात, नोटीस लागते, हरकत घेता येते. हरकत तोंडी सांगायची नाही. अर्ज लिहायचा, दोन प्रती करायच्या, एकीवर पोहोच घ्यायची.

पुरावा काय द्यायचा, इथं आम्ही अडलो. खरेदीचा कागद नव्हता, सासऱ्यांची जागा, तोंडी वाटणी. मग मला आमच्या गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर आठवलं. काकूंनी शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं आणि ठरावात लिहिलं होतं, "घराच्या पूर्वेस परड्यात शेड बांधण्यासाठी." तारखेसकट, दहा जणींच्या सह्यांसकट. कर्जाच्या फाईलला शेडचा फोटोही होता. बाकी घरपट्टीच्या जुन्या पावत्या, शेडच्या मीटरचं वीजबिल, दोन शेजाऱ्यांचे जबाब. आपण रजिस्टर लिहायचा कंटाळा करतो ना, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सगळं परडं काही काकूंना मिळालं नाही. जागा मूळ सासऱ्यांची, दिराचाही हिस्सा होता. अधिकाऱ्यांसमोर निम्मं-निम्मं ठरलं आणि तसं लिहून घेतलं. शेड काकूंकडं राहिलं.

आता एक गैरसमज. "बारा वर्षं वहिवाट झाली की जागा आपली," असं पारावर सगळेच सांगतात. तसं आपोआप होत नाही. दुसऱ्याच्या खाजगी जागेवर त्याच्या परवानगीशिवाय, उघडपणे, सलग बारा वर्षं, आपली म्हणून ताबा असेल, तर कोर्टात तसा दावा करता येतो आणि तो शाबीत करावा लागतो. कुणी "वापरा की" म्हणून दिलेली जागा यात बसत नाही. भावकीतली सामाईक जागा सहसा बसत नाही. सरकारी जागेला तीस वर्षं लागतात. रस्ता, पाणवठा, देवळासमोरची मोकळी जागा यावर तर रेघ मारूच नका, शेजारीण आयुष्यभराची तुटेल.

स्टॅम्पवर लिहून घेतलेली, पण नोंदणी न झालेली खरेदी बऱ्याच जणींकडं आहे. त्या कागदानं मालकी मिळत नाही. तरी फेकू नका, ताबा कधीपासून आहे हे दाखवायला तो उपयोगी पडतो. गायरानावरच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो अवघड झालाय. त्यावर एकदा वेगळं बोलू.

आणि नाव. ग्रामविकास विभागानं २००३ सालीच सांगितलंय की घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी. किती जणींची झालीय? आमच्या गटात मोजलं तर मलाच लाज वाटली, माझंही नाव नव्हतं. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "माझं तरी कुठं होतं?" भांडण नाही झालं, पण महिना गेला. आधी भाऊसाहेबांकडं अर्ज देऊन नमुना आठवर नाव लावून घ्या आणि चौकशीला तोच उतारा पुढं करा. नवरा वारला असेल तर वारस नोंद करा. बायको, मुलगे, मुली आणि सासू हयात असेल तर सासू, सगळे सारखे वारस असतात. एकट्या मुलाचं नाव लावलं तर कुणी काही बोलत नाही, म्हणून आधी बघा.

ज्यांच्या गावात मोजणी होऊन गेलीय त्यांनी नकाशा मागून बघा, परडं कुणाच्या आकड्यात गेलंय ते. निर्णय मान्य नसेल तर अपिलाला साठ दिवस असतात. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो.

पुढच्या मासिक बैठकीला नमुना आठची झेरॉक्स घेऊन या. काकू त्यांची सनद आणणार आहेत. त्यावरची बारीक अक्षरं आपण सगळ्या मिळून वाचू.