काही होत नसताना डॉक्टरकडे

ताप आला, पोटात कळा आल्या किंवा दिवस गेले, म्हणजे डॉक्टरकडे जायचे हे आपल्याला ठाऊक आहे. पण चांगली धडधाकट असलेली, विशी-पंचविशीतली बाई नुसती प्रकृती दाखवायला दवाखान्यात निघाली, तर "हिला दुसरा उद्योग नाही का?" असे म्हणायची आपली रीत. सासूबाईच तसे म्हणतात असे नव्हे. बहुतेक वेळा आपण स्वतःच म्हणतो.

आज मी बोलणार आहे ते मुख्यतः करंजाड्यासारख्या वस्तीतल्या तरुण बहिणींशी. पनवेललगतचे हे गाव सिडकोने वसाहत म्हणून वाढवले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ज्यांची गावे उठली, त्यांतली कित्येक कुटुंबे इथे आणि शेजारच्या वडघरला आली. नव्या इमारतींतून भाड्याने राहणारी, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली जोडपीही आहेत. सकाळी डबा भरून लोकल गाठायची, संध्याकाळी परतताना भाजी घ्यायची. शेजारणीचे नाव कळायला सहा महिने लागतात. जुन्या गावात पाळी लांबली, अंगावरून फार जाऊ लागले, तर कानात सांगायला एखादी आत्या-मावशी असे. तिचा सल्ला नेहमीच बरोबर असे असे नाही, पण बोलणे तरी होई. इथे तेही होत नाही, आणि मग "मला काही होत नाही" हेच खरे मानून दिवस जातात.

हे "काही होत नाही" किती खरे असते? डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा सगळ्याच स्त्रियांना तपासायला बोलावले. ६५० स्त्रिया तपासल्या, आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. शंभरात ब्याण्णव जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या मात्र शंभरात पंचावन्न, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या आठ! म्हणजे पुष्कळ जणी दुखणे अंगावर घेऊन, ते बाईच्या जातीला लागलेलेच आहे असे समजून वावरत होत्या.

आता कोणी म्हणेल, करंजाडे म्हणजे काही गडचिरोलीचे खेडे नव्हे. कबूल. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चौपन्न जणींचे रक्त कमी भरले. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, केस गळतात. आणि आपण म्हणतो, प्रवासाचा शीण आहे. शीण असेलही. पण हिमोग्लोबिन बाराच्या खाली आहे की वर, हे बोटभर रक्तात कळते. ते न पाहता शिणावर खापर का फोडायचे?

माझ्या मते या तपासणीची खरी वेळ म्हणजे मूल हवे असे मनात येते ती. आपल्याकडे दिवस गेले की नाव नोंदवायचे, ही चाल चांगली रुजली आहे; पण काही बाबतींत तोवर उशीर झालेला असतो. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत घातला जातो. तेव्हा बाईला पाळी चुकल्याची जेमतेम शंका आलेली असते. त्यासाठी लागणारे फोलिक ॲसिड आधीपासून पोटात जायला हवे. रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही, ती निदान महिनाभर आधी घ्यावी लागते. थायरॉइड, साखर, रक्तदाब हेही तेव्हाच पाहून घ्यावे. थॅलसेमियाची किंवा सिकलसेलची तपासणी तर नवऱ्यालाही विचारात घेणारी आहे. एकच जण वाहक असेल तर चिंतेचे कारण नाही. पण एकाच रोगाचे दोघेही वाहक असले, तर दर खेपेला चारात एक बाळ आजारी होण्याचा संभव. तेव्हा दवाखान्यात यजमानांनाही घेऊन जावे. ते बाहेर मोटारसायकलपाशी उभे राहतात, त्यांना आत बोलवावे.

उलट, जाहिरातीत "संपूर्ण शरीर तपासणी" म्हणून पन्नास-साठ चाचण्यांची पुडी विकतात, तिच्या नादी लागू नये. निरोगी पंचविशीच्या मुलीला त्यातल्या बहुतेक चाचण्यांचा उपयोग नाही. उगाच एखादा आकडा इकडेतिकडे निघतो आणि घरभर घोर लागतो. प्रत्येक तपासणीला तिचे वय असते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचेच घ्या. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी फक्त एकदा देऊ केली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू न तपासलेल्यांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनाही सर्वसाधारण स्त्रीला ही चाचणी तिशीपासून सांगते. म्हणून तिसावा वाढदिवस झाला की हे ध्यानात धरावे. मात्र संबंधानंतर रक्त दिसले, अंगावरून घाण वासाचे पाणी गेले, स्तनात गाठ लागली, तर वयाचा हिशेब करत बसू नये. त्याच आठवड्यात दाखवावे.

खर्चाचे म्हणाल, तर वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांसाठी मोठे इस्पितळ लागत नाही. पनवेलला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. राहिली लाज. तपासायला बाई डॉक्टर हवी असे सांगावे, पुरुष डॉक्टर असले तर परिचारिका जवळ हवी असे म्हणावे. ते मागणे उद्धटपणाचे नव्हे. पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात. विचारले की आपल्याला हमखास आठवत नाहीत.

आणि रक्त कमी निघालेच, तर लोहाच्या गोळ्या मिळतील. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात. शौचाला काळे होते म्हणून घाबरून सोडू नयेत. आकडा बारावर आला तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबू नये, कारण शरीरातला साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात.