चार एप्रिल १९८३



या व्याख्यानमालेत आपण मला बोलावलंत तेव्हा मी कापडउद्योगावर बोलेन अशी आपली अपेक्षा होती. त्या धंद्यावर मी चाळीस वर्षं पोट भरलं, पण जीव जडला तो बास्केटबॉलवर. म्हणून आज त्याच्यावर बोलण्याची परवानगी मी मागून घेतली.

१९८२च्या ऑगस्टमध्ये मी इचलकरंजीहून अमेरिकेतल्या रॅलेला गेलो. आमच्या घरी यंत्रमाग होते आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा वस्त्रोद्योगाचा विभाग नावाजलेला होता. प्रयोगशाळेतला सुताचा वास ओळखीचा, बाकी सगळं परकं. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, तू कुणाचा? मला प्रश्न कळेना. मग समजलं की पंचवीस-तीस मैलांच्या त्रिकोणात तीन विद्यापीठं आहेत. डरहॅमला ड्यूक, चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना आणि रॅलेला आमचं स्टेट. माणूस यांपैकी कुणाचा तरी असतोच. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचा फुटबॉल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पेठ बदलता येते, तालीम बदलत नाही.

त्या हंगामात आमचा संघ फार मोठा मानला जात नव्हता. सिडनी लो, थर्ल बेली आणि डेरेक व्हिटनबर्ग ही तीन पोरं शेवटच्या वर्षात होती, चार वर्षं एकत्र खेळलेली. जानेवारीत व्हिटनबर्गचा पाय मोडला आणि संघ गडगडला. तो परतला तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर आधी आपल्या गटाची स्पर्धा जिंकायलाच हवी, अशी वेळ आली होती. उपांत्य सामन्यात समोर चॅपल हिलचा मायकेल जॉर्डन, अंतिम सामन्यात व्हर्जिनियाचा सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन. दोघांनाही हरवलं. राष्ट्रीय स्पर्धेत एक हार म्हणजे घरी. आम्ही पहिलाच सामना दोन जादा डावांनंतर दोन गुणांनी जिंकला, पुढचा एका गुणाने. एक एक पायरी चढत संघ आल्बुकर्कीला अंतिम सामन्याला पोचला.

चार एप्रिल १९८३, समोर ह्यूस्टन. त्यांच्याकडे हकीम ओलाजुवॉन आणि क्लाइड ड्रेक्सलर होते. हा संघ उड्या मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा, म्हणजे डंक करायचा, आणि उपांत्य सामन्यात त्यांनी डंकचा पाऊस पाडला होता. आमचे कोच जिम व्हॅल्व्हानो यांनी ओळखलं की या पोरांना फ्री थ्रो नीट जमत नाहीत. मुद्दाम फाऊल करा, त्यांना रेषेवर उभं करा, असा डाव त्यांनी टाकला. तेव्हा कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत शॉट क्लॉक नव्हतं, चेंडू हवा तितका वेळ हातात ठेवता यायचा. गुण ५२-५२. ह्यूस्टनचा फ्री थ्रो चुकला आणि चेंडू आमच्याकडे आला.

आम्ही सहा जण एका खोलीत, एका छोट्या कृष्णधवल टीव्हीसमोर. तो शेवटचा क्षण मला आजही पावलापावलाने सांगता येतो. पास अडखळला, ह्यूस्टनच्या एकाने चेंडू जवळजवळ पळवलाच होता. व्हिटनबर्गने तो कसाबसा सावरला आणि तीसेक फुटांवरून रिंगकडे भिरकावला. चेंडू कमी पडला. रिंगखाली दुसऱ्या वर्षातला लोरेन्झो चार्ल्स उभा होता. त्याने वर उडी घेतली, हवेतच चेंडू धरला आणि आत कोंबला. घड्याळ संपलं. ५४-५२. व्हॅल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर धावत सुटले. हरलेल्या संघातला असूनही ओलाजुवॉन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॅलेत आम्ही विद्यापीठाच्या विटांच्या पटांगणावर धावलो. तिथे शेकोट्या पेटल्या होत्या आणि अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. परदेशात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या रात्री.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती अशी: कॉलेजचा बास्केटबॉल खरा, कारण तिथे पोरं चार वर्षं एकत्र घाम गाळतात. व्यावसायिक लीग, म्हणजे एनबीए, हा पैशाचा खेळ. पुढची वीस-पंचवीस वर्षं मी हेच बोलत आलो. आज मला त्यातलं अर्धं मागे घ्यायचं आहे.

हा खेळ जन्मला तोच शिक्षकाच्या हातून. १८९१च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या कॅनडातून आलेल्या शिक्षकाने बर्फाळ हिवाळ्यात अठरा आडदांड विद्यार्थ्यांना गुंतवण्यासाठी सज्जाला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या हाताखाली फॉग ॲलन तयार झाले, ॲलन यांच्या हाताखाली डीन स्मिथ खेळले आणि स्मिथ यांनी चॅपल हिलला जॉर्डनला घडवलं. टोपली टांगणाऱ्यापासून जॉर्डनपर्यंत मध्ये फक्त दोन माणसं. आपल्याकडे गाण्यातली घराणी अशीच सांगतात आणि म्हणून कॉलेजच्या खेळाचं मला इतकं वेड लागलं.

व्यावसायिक खेळाने मात्र आपली शिस्त स्वतः शोधली, हेही मान्य केलं पाहिजे. १९५०च्या नोव्हेंबरमध्ये एनबीएचा एक सामना १९-१८ असा संपला. पुढे असलेला संघ चेंडू नुसता धरून बसत असे आणि प्रेक्षक कंटाळत. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी गणित मांडलं. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर मारतात आणि सामना असतो २,८८० सेकंदांचा. भागाकार केला, २४ आले. १९५४पासून २४ सेकंदांत चेंडू मारणं बंधनकारक झालं आणि लीग जगली. कॉलेजने असं घड्याळ सगळीकडे स्वीकारलं ते १९८५मध्ये. माझ्या १९८३च्या आनंदाला ते घड्याळ नसणंही कारण होतं, हे मी विसरत नाही.

आता माझ्या त्या चार वर्षांकडे येतो. ती प्रेमाची आहेत असं मी समजत होतो, पण बऱ्याच अंशी ती नियमाची होती. शाळा सुटल्यावर चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएची दारं उघडत नसत. स्पेन्सर हेवूड नावाचा खेळाडू त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१मध्ये जिंकला, तरी बाकीचे नियम उरलेच. कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे. शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घेणं हा गुन्हा. आमच्याच विद्यापीठात पोरांनी मिळालेले बूट आणि सामन्यांची तिकिटं विकली, त्याची चौकशी झाली आणि १९९०मध्ये व्हॅल्व्हानो यांना जावं लागलं. त्याच काळात देशभरातल्या कोचांना बुटांच्या कंपन्यांकडून राजरोस पैसे मिळत होते. पोराने बूट विकला तर कलंक आणि कोचने बुटाचा करार केला तर प्रतिष्ठा, हा न्याय नव्हता. मी तेव्हा तो न्याय मानला, ती माझी चूक होती.

डीन स्मिथ यांना ते आमच्या कितीतरी आधी कळलं होतं. १९८४मध्ये जॉर्डनचं एक वर्ष बाकी असताना त्यांनीच त्याला एनबीएत जायला सांगितलं. आपला संघ दुबळा होणार हे माहीत असूनही. जॉर्डन पुढे परत आला, भूगोलाची पदवी पुरी करून गेला. गुरूने असंच वागायचं असतं.

तेव्हापासून बांध एकेक करून फुटले. गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट एनबीएत गेले. मग लीगने वयाची अट १९ केली आणि एका वर्षात कॉलेज सोडणाऱ्यांची रीघ लागली. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली, कॉलेज बदलल्यावर बाहेर बसणं संपलं आणि २०२५पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. दरम्यान एनबीए जगभर पसरली. २०१९ ते २०२५ या सगळ्या वर्षांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेला होता. त्यातला सर्बियाचा निकोला योकिच कॉलेजची पायरीही चढलेला नाही आणि त्याच्यासारखे पास मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज खेळायला आले. त्या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. एनबीए वरळीत उतरलेली पाहून माझा ऊर भरून आला.

तरी मनात खंत होती, आता कुठला संघ आपला म्हणायचा? दरवर्षी नवी पोरं. मग २०२४चा मार्च आला. नियमित हंगामातले शेवटचे चार सामने हरलेलं आमचं स्टेट गटाच्या स्पर्धेत उतरलं. धिप्पाड डीजे बर्न्स आणि रॅलेचाच डीजे हॉर्न, दोघांचंही हे तिसरं कॉलेज. मायकेल ओकॉनेल स्टॅनफर्डहून आलेला. पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते. व्हर्जिनियाविरुद्ध सामना हातातून गेला असं वाटत असताना ओकॉनेलने शेवटच्या क्षणी मारलेला थ्री पॉइंटर फळ्यावर आपटून आत गेला. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती. इथे, इचलकरंजीत, मी हातातला चहा तसाच ठेवून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी चॅपल हिलला हरवलं, पुढे राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकलाही. १९८३नंतर पहिल्यांदाच आम्ही अंतिम चारांत होतो. चार वर्षं सोडा, ती पोरं एकमेकांना नीट ओळखतही नसतील असं मी म्हणत होतो. पण पास देताना न पाहता हात पुढे जात होता आणि तिथे माणूस उभा होता.

चार वर्षं गेली याचं दुःख मला आजही आहे आणि ते मी लपवत नाही. पण पोरांना पैसा मिळतो याचं दुःख नाही. तो फार उशिरा मिळाला.

२०२४च्या जूनमध्ये १९८३च्या संघातल्या दहा जणांनी राष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेवर दावा लावला. आमच्या त्या शेवटच्या बास्केटचं दृश्य वापरून तुम्ही चाळीस वर्षं स्पर्धेची जाहिरात करता, आम्हाला त्यातलं काही द्या, अशी त्यांची मागणी होती. २०२५मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. मुदत उलटून गेली, हे एक कारण.

दावा लावणाऱ्यांत लोरेन्झो चार्ल्स नव्हता. एनबीएत तो एकच हंगाम खेळला. पुढे रॅलेत तो भाड्याच्या बस चालवायचा आणि २०११च्या २७ जूनला तशीच एक बस चालवताना हमरस्त्यावर अपघातात गेला. वय ४७.

दर मार्चमध्ये ते दृश्य पुन्हा दाखवतात. घरी गेल्यावर मोबाईलवर शोधा, लगेच सापडेल. रिंगखाली ४३ क्रमांकाची जर्सी घातलेला मुलगा दिसेल. आपल्या मुलांना दाखवा आणि त्याचं नाव सांगा.