बाहेरचा पत्रकार आणि आपलं गाव

  आज बातमीविषयी बोलायचं आहे. दोन समाजांत काही वाईट घडलं की बाहेरचे पत्रकार ते कसं सांगतात आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होतो, हे पाहू या.

आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेरच्या बातम्यांत कधी येतं? तारापूरच्या कारखान्यात स्फोट झाला, महापुरात रेल्वे अडली की येतं. एरवी पालघर कुणाला आठवत नाही. पण एप्रिल २०२० मध्ये हे नाव देशभर गेलं, ते गडचिंचलेमुळे.

गडचिंचले हे डहाणू तालुक्यातलं, दादरा नगर हवेलीच्या सीमेजवळचं गाव. १६ एप्रिलच्या रात्री तिथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना जमावानं मारून टाकलं. ते कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. टाळेबंदी असल्यामुळे आतल्या रस्त्यानं आले आणि वनखात्याच्या चौकीजवळ अडवले गेले. पोलीस आले, पण त्यांच्यासमोरच हे घडलं. तिघांचा जीव गेला, याला कसलंही कारण पुरेसं नाही. हे आधीच स्पष्ट सांगते.

पुढे काय झालं? दोन-तीन दिवसांत त्या रात्रीचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. गाव कुठे आहे, तिथे कोण राहतं, हे न पाहताच काही जणांनी त्याला हिंदू-मुसलमान असा रंग दिला. व्हिडिओत कुणीतरी 'ओय, बस' असं ओरडत होतं, ते 'शोएब, बस' असं आहे म्हणून पसरवलं गेलं. शेवटी २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची नावं जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नाही, असं त्यांनी सांगितलं. मग काहींनी शिक्का बदलला. कुणी मिशनऱ्यांचं नाव घेतलं, कुणी डाव्यांचं. 'आदिवासी असेच हिंसक असतात' असंही बोललं गेलं.

आता त्या भागात आधीचे काही दिवस काय चाललं होतं ते पाहा. चोर येतात, मुलं पळवतात, किडन्या काढून नेतात, अशा अफवा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. लोक काठ्या घेऊन रात्री पहारा देत होते. दोनच दिवस आधी, १४ एप्रिलला, सारणीजवळ मदतीच्या कामासाठी गेलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर जमाव धावून गेला होता. त्यांना सोडवायला आलेल्या पोलिसांवरही दगडफेक झाली होती. म्हणजे इशारा मिळाला होता. डॉक्टरांचा धर्म कोणता आणि साधूंचा कोणता, हे अंधारात कुणी पाहत नव्हतं. अनोळखी गाडी दिसली की चोर, एवढंच डोक्यात बसलं होतं.

गडचिंचलेच्या सरपंच एक बाई होत्या. आपण जमावाला समजावायचा प्रयत्न केला, पण लोक आपल्यावरही उलटले, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या बाईंची गोष्ट किती घरांत पोचली? दोन धर्मांच्या भांडणाच्या बातमीत अशा बाईला जागाच नसते.

शिक्क्याचा खरा तोटा इथे आहे. 'दोन जमातींचं वैर' म्हटलं की पुढचे प्रश्नच संपतात. अफवा कुणी पसरवली? सारणीनंतर गावोगाव जाऊन ती खोटी आहे असं का सांगितलं गेलं नाही? पोलीस कमी का पडले? पुढे काही पोलीस निलंबित झाले, काही बडतर्फही झाले. पण टीव्हीवरची भांडणं दुसऱ्याच गोष्टीवर चालू राहिली.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकर, म्हणजे आपल्या गोदूताई, यांच्यासोबत वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोदूताई येणार असा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर पोचवला. दुसरीकडे सरकारला कळवलं की वारली दंगा करायला जमताहेत. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. मजुरी मागणारी माणसं कागदावर दंगेखोर ठरली.

जे आपल्या बाबतीत होतं, तेच आपण दूरच्यांच्या बाबतीत करतो. आफ्रिकेतल्या बातम्या आठवा. 'टोळ्यांची लढाई' ऐकलं की आपण म्हणतो, तिकडचे लोक तसेच. रवांडा या छोट्या देशात एप्रिल ते जुलै १९९४ या काळात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. त्यांना वाचवू पाहणारे हुतूही मारले गेले. सुरुवातीला बाहेरच्या कित्येक पत्रकारांनी हे जमातींचं जुनं वैर म्हणून सांगितलं. खरं तर हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच डोंगरावर शेजारी राहत, त्यांच्यात सोयरीकही होत असे. १९३० च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीनं प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिली. १९९४ मध्ये रस्त्यात अडवून तीच ओळखपत्रं तपासली गेली.

आणि मैत्रिणींनो, तिथे रेडिओ होता. त्या केंद्रावरून तुत्सींना झुरळं म्हटलं जाई, कुणाला शोधायचं त्यांची नावं सांगितली जात. म्हणजे ही कत्तल ठरवून, तयारीनं केलेली होती. पण 'जुनं वैर' म्हटलं की जगाला हात झटकता आले. कत्तल चालू असतानाच, २१ एप्रिलला, संयुक्त राष्ट्रांनी तिथलं आपलं सैन्य अडीच हजारांवरून पावणेतीनशेच्या आसपास आणायचं ठरवलं. त्या रेडिओच्या चालकांना २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दोषी ठरवलं.

रेडिओवर बोलताना मला हे कायम लक्षात ठेवावं लागतं. तुम्हीही ठेवा, कारण आता प्रत्येकीच्या हातातला फोन म्हणजे एक छोटं केंद्रच आहे.

बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची कुटुंबं आपल्या शेजारी राहतात. उद्या नळावर दोन घरांचं भांडण झालं, तर ते पाण्यावरून झालं की भाड्यावरून, हे आपल्याला माहीत असतं. बाहेरचा माणूस 'स्थानिक विरुद्ध परप्रांतीय' लिहून मोकळा होईल. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. फोनवर आलेली अशी एक बातमी मोठ्यानं वाचा. गाव कोणतं, दिवस कोणता, तिथल्या बाईला कुणी विचारलं का, आणि 'हे लोक असेच' यापलीकडे काही कारण दिलंय का, ते तपासा. उत्तरं मिळाली नाहीत तर ती बातमी पुढे पाठवू नका. मुलं पळवणारी टोळी आल्याचा निरोप आला, तर आधी पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात विचारा आणि खरं काय ते पाड्यावर सांगा.

आणि कुणी पत्रकार आपल्या दारी आला, तर गप्प राहू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि सगळं पहिल्यापासून सांगा. आपण सांगितलं नाही तर तो आपल्या मनचं लिहील.

आज एवढंच. नमस्कार.