अंगणवाडीताईंची एकजूट

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी घरं पुष्कळ. इथल्या अंगणवाडीत दोन्ही भाषांची मुलं एकाच सतरंजीवर बसतात. निपाणी तर तंबाखूचं गाव. विड्या वळणाऱ्या आयांची मुलंही याच सतरंजीवर येतात.

अशा वर्गाला एकटी ताई किती पुरणार? शेजारच्या अंगणवाडीतली ताई कामी येते ती इथंच. सगळ्या ताईंच्या मासिक बैठकीत हजेरी, पोषण आहार, वजनाच्या नोंदी झाल्या की अर्धा तास शिकवण्यासाठी राखता येतो. एकीनं चिंचोके मोजण्याचा खेळ दाखवावा, दुसरीनं कन्नड बडबडगीत हातवाऱ्यांसह शिकवावं, तिसरीनं रडणाऱ्या मुलाला कसं रुळवलं ते सांगावं. खर्च शून्य!

बिनखर्चाची ही वाट जुनीच आहे. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, खडे, बिया हीच त्यांची साधनं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढं 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू अंगणवाडी देशभर पोहोचली.

तेव्हा ताईंनो, पुढच्या बैठकीला जाताना नोंदवहीबरोबर एक खेळही घेऊन जा. आणि पालकहो, घरातलं एखादं गाणं ताईंना जरूर शिकवा.