दाद कुणाकडं मागायची?



‘नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडं मागायची?’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावसापुढं कुणाचं चालत नाही, हे खरं. पण मारणारा हात माणसाचा असतो. तो अडवता येतो, आणि दाद मागायला जागाही आहे. आज आपण तिच्याबद्दल बोलू.

बचत गटाच्या बैठकीत आपल्याला बरंच काही दिसतं. एखादी भर उन्हाळ्यात डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसते. विचारलं तर म्हणते, “न्हाणीत घसरले.” एखादीचा हप्ता दोन महिने येत नाही, कारण मजुरीचे पैसे तिच्या हातातून काढून घेतले जातात. कधीतरी ती बोलते, तेव्हा तिचा प्रश्न एकच असतो: “जाऊ कुठं?” माहेरचे म्हणतात, दिल्या घरी सुखी राहा. भावाचा संसार वेगळा. राहतं घर सासऱ्याच्या नावावर. म्हणून ती मार खाते आणि तिथंच राहते.

मैत्रिणींनो, तिच्या या प्रश्नाला कायद्यानं उत्तर दिलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सांगतो की, ज्या घरात ती नांदते, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर कुणाच्याही नावावर असो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की नांदतं घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सुनेला तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. घर तिच्या मालकीचं होत नाही, पण मनात येईल तेव्हा तिला हाताला धरून बाहेरही काढता येत नाही. गरज पडली तर न्यायालय नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं, किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराचं भाडं भरायला लावू शकतं.

या कायद्यात फक्त मारहाण येत नाही. शिव्या देणं, टोमणे मारणं, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं, अंथरुणात जबरदस्ती करणं, हे सगळं हिंसेत मोडतं. बायकोच नाही, तर आई, बहीण, विधवा भावजय, कुणीही दाद मागू शकते. त्यासाठी काडीमोड घ्यावा लागत नाही. “कायदा संसार मोडतो” असं कुणी म्हणालं, तर हे जरूर सांगा.

आता आपण गटानं काय करायचं?

आधी ऐकायचं. “तू काय बोललीस म्हणून त्यानं मारलं?” असं विचारायचं नाही. तिनं सांगितलेलं पाणवठ्यावर जाता कामा नये. नवऱ्याला जाब विचारायला परस्पर जायचं नाही. त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो. पुढं काय करायचं, ते तिनंच ठरवायचं. आपण सोबत राहायचं.

लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरांना खरं कारण सांगायचं आणि कागद जपून ठेवायचा. आधार, रेशनकार्ड, पासबुकाच्या झेरॉक्स विश्वासातल्या मैत्रिणीकडं ठेवायच्या.

मग संरक्षण अधिकारी. ते तिची हकीकत लिहून घेतात, न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करायला मदत करतात. अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण ३ दिवसांत मिळावी, आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. म्हणून तिला धीर द्यायला तारखेला एखादीनं सोबत जावं. वकिलाची फी परवडत नसेल तरी अडत नाही. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुष्कळ जणींना भीती वाटते, “मी कळवलं तर माझ्यावरच केस होईल.” नाही होणार. शेजारीण, गटाची अध्यक्ष, अंगणवाडीताई, कुणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

जीवावर बेतलं असेल तर ११२ लावा. महिलांसाठी १८१ आहे. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच ठिकाणी मिळते.

येत्या बैठकीत एक काम करू. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव, फोन आणि हे दोन नंबर लिहून ठेवू. आणि एक गोष्ट ठरवू: अर्ध्या रात्री कुणी बाहेर पडली, तर तिच्यासाठी पहिलं दार कुणाचं उघडेल? ते घर गटातल्या प्रत्येकीला माहीत असू द्या.