दहा रुपयांचा चॉकलेट केक



शाळेसमोर आमच्या बचत गटाचा छोटासा स्टॉल आहे. वह्या, पेन, चिवडा, आम्ही घरी वळलेले शेंगदाण्याचे लाडू आणि गेल्या दिवाळीपासून चॉकलेट चढवलेला केक. तुमच्याही गावात मिळतो. आत मऊ केक, मध्ये पांढरं क्रीम, वरून चॉकलेट, दहा रुपयांना एक. आमच्या लाडवाच्या दुप्पट खपतो. वळायची मेहनत नाही, त्यामुळे आम्हीही खूश होतो.

मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करताना गटातली एक ताई सहज बोलून गेली, "आमची पोरगी सकाळी भाकरीला हात लावत नाही. स्टॉलवरचा केक खाऊन शाळेत जाते. चॉकलेट असतं, दूध असतं, ताकद येत असेल की." पोरगी दुसरीत आहे. शेजारी बसलेली मावशी म्हणाली, "मग तिचं वजन का वाढेना गं?"

कोणीच काही बोललं नाही. कारण केक विकणाऱ्या आम्हीच.

मग आम्ही एक पाकीट उलटं केलं. अक्षर बारीक आणि इंग्रजी, म्हणून नववीतल्या मुलीला वाचायला बसवलं. पाकिटावर ज्या क्रमाने पदार्थ लिहितात त्यालाही अर्थ असतो, हे आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. ज्याचं वजन सगळ्यात जास्त, ते पहिलं. आमच्या पाकिटावर पहिली तीन नावं साखर, मैदा आणि वनस्पती तेल. कोको आणि दुधाची पावडर बऱ्याच खाली. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या नावाने आपण तो पोरांना देतो, त्याच नावापुरत्या.

आकडे वाचताना आम्ही आधी फसलो. तक्त्यात आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि केक असतो २८ ग्रॅमचा. नीट हिशेब केल्यावर एका केकमध्ये साखर निघाली साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. तेल-तूप पाच ग्रॅमच्या आसपास. आणि प्रथिनं, ज्यांनी पोरांचं अंग भरतं, ती जेमतेम एक ग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरीच्या जागी हा केक बसवला तर ती भरणार कुठून? पोट भरल्यासारखं वाटतं, शाळा सुटेपर्यंत पोर कुरकुरत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही.

साखरेचंही पाहू. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयाच्या मुलाला पाच टक्के म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम. त्यातली निम्मी एका केकमध्ये संपली. सकाळ-संध्याकाळचा गोड चहा अजून बाकीच आहे.

आता तालुक्याच्या बेकरीतल्या पेस्ट्रीचं. तिच्यावर बहुतेक वेळा जे चॉकलेट असतं, त्याला बेकरीवाले कंपाउंड म्हणतात. अस्सल चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांचं तूप असतं, ते महाग आणि अंगाच्या उष्णतेनेसुद्धा वितळणारं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यातही टिकतं. एक बरं झालंय, तेला-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम जानेवारी २०२२ पासून आहे. पण सुट्या पेस्ट्रीला पाकीटच नाही, तेव्हा आत काय आहे ते वाचायचं तरी कुठे?

बैठकीत एकीने आम्हालाच अडवलं. "आपल्या लाडवात गूळ नाही का? तोही गोडच." खरं आहे. गूळ म्हणजेही साखरच, त्यात लोह भरपूर म्हणून कितीही खावा असं नाही. आमच्या ३० ग्रॅमच्या लाडवात २० ग्रॅम दाणे आणि १० ग्रॅम गूळ. गोडी केकएवढीच आणि तेल तर केकच्या दुप्पट, दाण्यांचं. फरक आहे तो प्रथिनांचा: लाडवात पाच ग्रॅम. भाजलेले फुटाणे त्याहून सरस, ३० ग्रॅमच्या मुठीत सहा ग्रॅमच्या आसपास आणि गोडी नाही.

केक बंद करायचा का, यावर मतं पडली. पोरं पलीकडच्या टपरीवर जातील आणि गटाचं उत्पन्न जाईल, हे काही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. शाळा भरण्याआधी केक विकायचा नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवायचा, खाऊ म्हणून. सकाळी पाच रुपयांची फुटाण्याची पुडी आणि लहान लाडू.

पहिल्या महिन्यात गल्ला कमी आला, ते आम्ही वहीत तसंच लिहिलंय. फुटाणे खपायला तीन आठवडे लागले. त्या ताईची पोरगी अजून केकच मागते. पण घरून अर्धी भाकरी आणि दाण्याची चटणी खाऊन येते आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी स्टॉलवर उभी असते.