नव्या गाडीला काय बसवायचे आणि काय नाही
(पाचोरा येथे सहायकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या देणग्यांतून घेतलेली पिकअप बाहेर उभी आहे. सभा संपल्यावर जरूर पाहा. मुलांना हौद्यात चढायचे असेल तर चढू द्या, उभ्या गाडीत चढायला कोणाची हरकत नाही. चालत्या गाडीची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

गाडी आली त्या आठवड्यापासून मला फोन सुरू आहेत. कोणी म्हणतो, पास्टर, तिला उंच करा. कोणी म्हणतो, टपावर लाइटची पट्टी लावा, पुढे विंच बसवा, पाण्यातून जायला ती नळी लावा. तरुण मंडळींनी तर मला व्हिडिओच पाठवले आहेत. त्यांत एक माणूस वाळवंटात गाडी नाचवतो आहे. आपल्याला वाळवंटात जायचे नाही. एका बंधूंनी पुढच्या बुलगार्डची सगळी रक्कम देऊ केली आहे. त्यांचे प्रेम मी ओळखतो. ती रक्कम मी दुसऱ्या कामाला मागणार आहे, आणि का मागणार ते आज सर्वांसमोर सांगणे मला योग्य वाटते.

आधी गाडी कुठे जाणार ते पाहू. पाचोऱ्याहून जळगाव, तापी ओलांडून यावल किंवा चोपडा, म्हणजे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यापर्यंत सगळे डांबर. तिथून उत्तरेला सातपुड्याकडे वळले की डांबर विरळ होत जाते आणि शेवटचे काही किलोमीटर दगड, नाले आणि चढ. पावरा, भिल, तडवी बांधवांचे पाडे तिथे आहेत. म्हणजे गाडीची बहुतेक धाव साध्या रस्त्यावर, आणि तिची खरी गरज शेवटच्या तुकड्यात. व्हिडिओतली माणसे फक्त त्या तुकड्याचा विचार करतात. आपल्याला दोन्हींचा करायचा आहे.

त्या तुकड्यात अजून काय चालते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. बाळंतीण अडली की बांबूला झोळी बांधायची आणि चार जणांनी खांद्यावर घेऊन उतरायचे. नंदुरबारकडे वर्तमानपत्रांनी तिला ‘बांबूलन्स’ असे नाव दिले आहे. नाव गमतीचे आहे, प्रकार गमतीचा नाही. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत, पण ती रस्ता असेल तिथपर्यंतच येते. आपल्या गाडीचे काम पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंतचे आहे. आपण रुग्णवाहिका घेतलेली नाही. रुग्णवाहिकेसाठी शासनाचे वेगळे मानक आहे, वेगळी नोंदणी आहे. म्हणून गाडीवर लाल-निळा दिवा, भोंगा, ‘ॲम्ब्युलन्स’ हे शब्द, यांतले काहीही येणार नाही.

आता लिफ्ट किट. गाडी दोन इंच उचलली तर खालचा दगड चुकतो, हे खरे. पण सीटही दोन इंच वर जाते. नववा महिना लागलेली बाई त्या सीटवर कशी चढणार, याचा विचार ते किट विकणारा करत नाही. आताच चढताना माझे गुडघे कुरकुर करतात. शिवाय हौद्यात धान्याची पोती आणि एका बाजूने उतार असेल तर उंच गाडी लवकर कलंडते. म्हणून गाडी उचलायची नाही. उलट दोन्ही बाजूंना मजबूत पायदान, दाराच्या आत धरायला मूठ आणि मागच्या सीटला धुता येईल असे रेक्झिनचे कव्हर, हा माझा पहिला खर्च आहे. दिसायला काहीच नाही, पण झोळीतून आलेल्या माणसाला त्याचाच उपयोग होईल.

दुसरी गोष्ट वजनाची. कोणत्याही पिकअपला किती भार चालतो ते नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असते. आपण जे लोखंड बसवू ते त्याच भारातून वजा होते. विंच आणि तिचा बंपर मिळून सत्तर-ऐंशी किलो सहज होतात. लोखंडी टप केला तर शंभरावर. टपावरचा कॅरिअर वेगळा. म्हणजे चार-पाच पोती धान्य आपण घरीच ठेवून लोखंड फिरवायला नेणार. काही जण म्हणाले, मागे एक पाटा वाढवा म्हणजे झाले. पाटा वाढवल्याने कागदावरचा भार वाढत नाही. आणि परतताना हौदा रिकामा असतो, तेव्हा ती गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते. परतताना सीटवर कोण असेल ते मी वर सांगितलेच आहे.

खरा पैसा टायरांना घालू. कंपनीच्याच मापाचे, पण खडकाळ आणि कच्च्या रस्त्याचे, ज्यांना ‘ऑल टेरेन’ म्हणतात ते. पूर्ण चिखलाचे टायर मिळतात. ते डांबरावर घों घों आवाज करतात आणि लवकर झिजतात. पाच टायर घ्यायचे, स्टेपनीसुद्धा त्याच जातीची. आपल्या काळ्या मातीबद्दल मात्र कोणी भ्रमात राहू नये. पहिला मोठा पाऊस झाला की ती टायरच्या खाचांत अशी भरते की चांगला टायरही गुळगुळीत चाकासारखा फिरतो. कपाशीच्या शेतातून बैलगाडी काढणाऱ्याला हे मी काय सांगावे! तिथे उपाय टायर नसतो, थांबणे असतो. नदीच्या वाळूत मात्र टायरची हवा कमी केली तर चाक पसरते आणि गाडी निघते; डांबरावर परत येताच हवा भरली पाहिजे, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणून हवा भरण्याचा छोटा पंप आणि हवा मोजायचे मीटर हवेच.

पाण्याची नळी, म्हणजे स्नॉर्केल, नको. तिने इंजिन वरून श्वास घेते एवढेच. गाडी जड होत नाही आणि प्रवाह हलका होत नाही. वाहते पाणी फूटभर असले तरी छोटी मोटार सरकते आणि दोन फूट असले तर बहुतेक गाड्या वाहून जातात. सातपुड्यातला नाला वर कुठेतरी झालेल्या पावसाने अर्ध्या तासात भरतो, आपल्या डोक्यावर ऊन असते तेव्हासुद्धा. नळी लावलेला ड्रायव्हर पाण्यात उतरतो, न लावलेला काठावर थांबतो. मला थांबणारा हवा. त्याऐवजी एक स्वस्त काम करून घेऊ. चाकांच्या ॲक्सलला हवा जाण्यायेण्याची बारीक वाट असते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि त्या वाटेने पाणी आत ओढले जाते. ऑईल पांढरे होते आणि पुढे गिअर खातात. त्या वाटेला रबरी नळी जोडून ती वर नेली की प्रश्न मिटतो. कोणताही जाणता मिस्त्री हे करतो. त्याच वेळी इंजिनखाली जाड पत्रा लावून घेऊ. तेवढे वजन मला मंजूर आहे.

विंच नाही, मग अडकलो तर? टोचनचा चांगला पट्टा, दोन शॅकल, फावडे, जाड फळ्या. जवळपासच्या पाड्यात ट्रॅक्टर नसला तर बैलजोडी असतेच, आणि माणसे तर न बोलावता येतात. फक्त पट्टा ताणलेला असताना जवळ कोणी उभे राहायचे नाही, आणि मध्ये एक ओले गोणपाट टाकायचे, म्हणजे तुटला तर कमी उसळतो. मुलांना दूर ठेवणे हे सगळ्यात कठीण काम आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आता कायदा, कारण ही गाडी संस्थेच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने केलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. बुलगार्डबाबत तर केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवले होते. कारण साधे आहे. पायी चालणाऱ्याला त्या लोखंडाचा मार जास्त बसतो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत धडकेचा अंदाज चुकून ती वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. आपल्या वाटेवर पायी चालणारेच जास्त.

आणि हौद्यातली माणसे. हे सांगायला मला जड जाते, कारण बाजाराच्या दिवशी वीस जण हात दाखवतील. त्यांत आपल्या मंडळीतले असतील, म्हातारी माणसे असतील. मालाच्या गाडीच्या हौद्यात प्रवासी बसवणे बेकायदा आहे. मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच म्हटले आहे. घाटात एकदा गाडी उलटली तर त्या घरांना विम्यातून भरपाई मिळण्याची खात्री नाही, आणि ज्यांच्यासाठी आपण हे काम उभे केले तेच उघड्यावर पडतील. म्हणून केबिनमध्ये कागदावर जितक्या सीट तितकीच माणसे. ड्रायव्हरला ‘नाही’ म्हणताना एकटे वाटू नये म्हणून हा नियम मराठीत आणि पावरीत लिहून दारावर लावणार आहोत. रोष यायचा तो समितीवर येवो.

त्या बंधूंची बुलगार्डची रक्कम मला ड्रायव्हरच्या शिक्षणासाठी हवी आहे. फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावून ठेवले तर गाडीचे आतले भाग एकमेकांशी भांडतात आणि झिजतात. ते कधी लावायचे, उतारावर ब्रेकवर न राहता पहिल्या गिअरवर कसे उतरायचे, हे शिकवावे लागते. दोन जणांना शिकवू, म्हणजे एक आजारी पडला तरी गाडी उभी राहणार नाही. उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात, फक्त दुरुस्तीसाठी. नवी गाडी द्यायला देणगीदार मिळतात, तिसऱ्या वर्षीच्या क्लचप्लेटला मिळत नाहीत.

टायर आणि खालचा पत्रा ही कामे मृगाच्या आधी व्हायला हवीत. टायरचे भाव जळगावात दोन-तीन ठिकाणी विचारायचे आहेत. ज्यांची येत्या आठवड्यात तिकडे फेरी आहे त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे, मी टायरचे माप कागदावर लिहून ठेवले आहे.